एस्टीमचे पहिले अठरा मीटर

एका जुन्या गाडीची हौशी ड्रॅग शर्यतीसाठी केलेली बांधणी: प्रकरण अभ्यास

या कामात माझा वाटा वही सांभाळण्याचा होता. कोणत्या तारखेला काय उघडलं, काय बसवलं, किती पैसे गेले, घड्याळाने किती वेळ दाखवला, हे सगळं त्या वहीत आहे. माणसांची, गॅरेजची आणि धावपट्टीची नावं घेत नाही. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत, हे गाडीवेड्यांना ठाऊक आहेच. पण ही गोष्ट कुठली, ते महत्त्वाचं नाही.

पार्श्वभूमी

गाडी २००१ सालची मारुती एस्टीम, चंदेरी रंगाची. आप्पांनी, म्हणजे माझ्या मित्राच्या वडिलांनी, शाळेतल्या नोकरीत असताना फंडातून पैसे काढून नवी घेतली होती. १,४६,००० किलोमीटर चालल्यावर २०१७ पासून ती घरामागच्या आंब्याखाली उभी होती. पंधरा वर्षांची नोंदणी संपलेली, बॅटरी मेलेली, डिकीत पाणी साचून कडेचा पत्रा कुजायला लागलेला.

मित्र कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. २०२१च्या दिवाळीत त्याने एक ड्रॅग शर्यत पाहिली आणि परत आला तो ठरवूनच. नियम वरकरणी सोपा: दोन गाड्या शेजारी उभ्या, समोर दिव्यांचा खांब, हिरवा लागला की सुटायचं, ४०२ मीटर सरळ. ज्याची गाडी आधी पोचेल तो पुढच्या फेरीत.

एस्टीम या कामाला वेडगळ निवड नाही. ही गाडी १९९४ ते २००७ बाजारात होती, अंगाने मारुती १०००चीच. वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. २००१च्या गाडीतलं जी१३बीबी इंजिन १,२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८५ अश्वशक्ती. हेच इंजिन जिप्सीतही असायचं, त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट आजही दुकानात मिळतात. रॅलीवाल्यांचीही ती एकेकाळी लाडकी होती.

आप्पांनी गाडी दिली, पण एक अट घालून: "मागची सीट भंगारात घालायची नाही. माळ्यावर ठेवायची." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

अडचण

अंदाजपत्रक दीड लाखाचं होतं. उद्यमनगरातले एक मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, हातखर्चावर काम करायला तयार झाले. तिघांपैकी कुणीही ड्रॅगसाठी गाडी बांधलेली नव्हती. मामांनी इंजिनं शेकड्यांनी बांधली होती, पण ती सगळी रस्त्यावर पळायला.

आम्ही अडचण मांडली ती अशी: "८५ अश्वशक्ती कमी आहे, ती वाढवायची." पुढचे जवळपास सगळे चुकीचे निर्णय या एका वाक्यातून निघाले. अडचण वेळेची होती, ताकदीची नव्हे. ४०२ मीटरला किती सेकंद लागतात आणि ते सेकंद कुठे खर्च होतात, हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नाही. त्याचं उत्तर द्यायला चालती गाडी लागते, आणि आमची गाडी चालत नव्हती. ती हजार-दोन हजारांत चालू करून आधी एकदा वेळ मोजावी, हे सुचलंच नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय जुन्या बलेनो सेदानच्या इंजिनाचा. जी१६बी, १,५९० सीसी, त्याच घराण्यातलं, थोड्या खटपटीने एस्टीममध्ये बसतं हे सगळ्या मिस्त्र्यांना माहीत आहे. पण त्या वर्षीच्या नियमपत्रकात १,४०० सीसीपर्यंतचा वेगळा गट होता. १,६००चं इंजिन घातलं की गाडी वरच्या गटात जाते, आणि तिथे होंडा सिटी व्हीटेक उभ्या असतात. त्या मुळातच १०६ अश्वशक्तीच्या, शिवाय वर्षानुवर्षं घोटून तयार केलेल्या. हा पर्याय सोडला, आणि माझ्या मते बरोबर सोडला.

दुसरा टर्बोचा. मित्राला फार मोह होता. मामांनी एका वाक्यात निकाल लावला: "टर्बो बसवायला आठ दिवस लागतील, पिस्टन वितळायला आठ सेकंद." त्यासाठी वेगळे पिस्टन, वेगळा ईसीयू (इंजिनाचा संगणक), वेगळे इंजेक्टर लागले असते आणि दीड लाखात त्यातलं निम्मंही बसलं नसतं.

तिसरा, तयार गाडी विकत घेण्याचा. पुण्यात एक मिळत होती. त्यावर चर्चा पाच मिनिटंही चालली नाही. नाद गाडी बांधण्याचा होता, जिंकण्याचा नव्हे, हे तेव्हाच कबूल केलं असतं तर पुढचा बराच ताण वाचला असता.

चौथा पर्याय राहिला: आहे तेच इंजिन नीट करायचं, थोडं तेज करायचं, आणि वजन काढायचं.

कागदपत्रांचा प्रश्नही इथेच आला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. नोंदणी नव्याने करून घ्यायची तर आधी गाडी मूळ रूपात तपासणीला न्यावी लागणार. मित्राने ठरवलं की गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, टेम्पोवर चढवून न्यायची. कायद्याच्या बाजूने निर्णय स्वच्छ होता. पण एका खेपेला चौदा हजार भाडं लागतं, हे त्या दिवशी वहीत कुणी लिहिलं नाही.

काय केलं

इंजिन उघडण्याआधी मामांनी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरातला दाब मोजायचं यंत्र लावलं. पहिल्या तीन सिलिंडरांत १६५, १६० आणि १६२ पीएसआय, चौथ्यात ११८. चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर १२४. ऑइल टाकल्यावर आकडा झपाट्याने वर गेला असता तर रिंगा गेल्या असं समजतात. इथे तो जवळपास तिथेच राहिला, म्हणजे गळती वरून, व्हॉल्व्हमधून. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग उतरवला, चौथ्याचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला निघाला. निदान अचूक होतं.

इथपर्यंतचं काम हेडचं होतं: व्हॉल्व्ह बदलणं, सीट घासणं, सील, गॅस्केट. पंधरा-सोळा हजारांत संपलं असतं. पण मामा ब्लॉकमध्ये बोट फिरवत म्हणाले, "आता उघडलंच आहे तर बोअरपण करून घेऊ." म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठे करायचे.

हे वाक्य वहीत मी सात ठिकाणी लिहिलंय. उघडलंच आहे तर बोअर. बोअर केलाच आहे तर नवे पिस्टन. पिस्टन बदललेच आहेत तर क्रँक घासून घेऊ. हेड लेथवर गेलंच आहे तर जरा जास्त फेस मारू. सिलिंडरांना बोअरची गरज नव्हती, गेजने ते सांगितलं होतं. तरी अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ बोअर झाला, जिप्सीचे पिस्टन बसले. सीसी १,२९८ वरून १,३१६ झाली. अठरा सीसी वाढवायला आम्ही चाळीस हजारांच्या वर घालवले.

हेड ०.८ मिलिमीटर फेस केलं, म्हणजे खालून तासलं. हिशेबाने कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरातलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, पाऊण अंकाने वर गेला. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम घासून थोडा चढा करून आणला, एक्झॉस्टला फोर-टू-वन मॅनिफोल्ड बनवला, ईसीयूवर पिगीबॅक, म्हणजे त्याचे आदेश बदलणारी जोडपेटी बसवली. इंजिन सुरू झालं तेव्हा आवाज असा सुंदर होता की शेजारच्या फाउंड्रीतली पोरं बघायला आली. मात्र साध्या पेट्रोलवर दाब दिला की मिश्रण आपोआप पेटल्याची टकटक ऐकू यायची. ती टकटक रोखणारं १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२०च्या डिसेंबरात पुण्या-मुंबईत विकायला आलं होतं, तेव्हा शर्यतीला जाताना पुण्यातच टाकी भरायची असं ठरलं. पेट्रोलात मिसळलेल्या इथेनॉलमुळे जुन्या रबरी पाइपांना भेगा पडल्या होत्या, ते सगळे बदलले. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीचे पाइप खातंय, यावर आप्पा बरेच हसले.

वजन काढण्याचं काम मात्र फुकटात आणि चोख झालं. मागची सीट (माळ्यावर), स्टेपनी, एसी, गालिचे, आणि गालिच्याखालचा तो डांबरी थर, जो हीट गन आणि छिन्नी घेऊन दोन रविवार खरवडत बसलो. ओळखीच्या साखर कारखान्यात गाळप संपल्यावर वजनकाट्यावर गाडी घातली. आधी ८९० किलो होती, आता ८००. तो काटा दहा किलोच्या पटीत बोलतो, तेव्हा पाच-सात किलो इकडेतिकडे धरा.

आणि याच टप्प्यावर बॅटरी डिकीत गेली. मित्राने अमेरिकन ड्रॅग गाड्यांची चित्रं पाहिली होती. त्यांत बॅटरी मागेच असते. ती का असते, हे त्याने पाहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या गाड्या मागच्या चाकांवर चालतात. एस्टीमला ओढतात पुढची चाकं. ज्या चाकांनी जमीन पकडायची, त्यांच्याच डोक्यावरचे बारा-तेरा किलो उचलून आम्ही दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले.

शेवटी पंधरा इंची अलॉय चाकं आली. ४६,००० रुपये. गाडी दिसायला लागली.

क्लच प्लेट जुनीच होती. चाकांपर्यंत ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट जुने, इंजिनाचे रबरी माउंट वीस वर्षांचे. "हे चालतंय की," असं म्हणून तिघांनी ते सोडून दिलं. जे चाललं होतं ते सगळं आम्ही उघडलं, आणि जे थकलं होतं त्याला हात लावला नाही.

पहिली खेप

तपासणीत अडलो. बॅटरी रबरी पट्ट्याने बांधलेली होती, तपासनिसाने हाताने हलवून दाखवली आणि बाहेर काढलं. त्याचं बरोबर होतं. टक्कर झाली तर डिकीतली सुटी बॅटरी तोफगोळ्यासारखी पुढे येते. शेजारच्या चमूकडून लोखंडी अँगल आणि ड्रिल मागून तासाभरात ती घट्ट केली. अग्निशामक, टो हुक, हेल्मेट, एफएमएससीआयचा (देशातल्या मोटार शर्यतींच्या महासंघाचा) स्पर्धा परवाना, बाकी सगळं नीट होतं.

पहिली धाव १७.३१ सेकंद. दुसरी १६.९२. मित्र प्रत्येक वेळी इंजिन मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर धरून क्लच एकदम सोडत होता. टायर किंचाळायचे, धूर निघायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि शेजारची एक साधी दिसणारी झेन शांतपणे निघून जायची. तिसऱ्या धावेला गाडीचं तोंड तीन-चार वेळा उसळलं, खालून कडाक असा आवाज आला आणि गाडी जागेवर थांबली. डावीकडचा आतला जॉइंट तुटला होता.

परतताना टेम्पोत मी वेळेची चिठ्ठी वाचत बसलो. त्यावर शेवटच्या वेळेखेरीज पहिल्या ६० फुटांची, म्हणजे १८.३ मीटरची वेळही असते. आमची २.९२ सेकंद. मग वहीच्या मागच्या पानावर एक जुनं गणित केलं, जे खरं तर पहिल्या पानावर असायला हवं होतं.

गाडीचं चालकासकट वजन किलोत घ्यायचं, त्याला अश्वशक्तीने भागायचं, येणाऱ्या आकड्याचं घनमूळ काढून ७.६ने गुणायचं. ४०२ मीटरची साधारण वेळ मिळते. पकड चांगली आहे असं हे सूत्र गृहीत धरतं, त्यामुळे ते वेदवाक्य नाही, पण दिशा दाखवतं. मूळ गाडी, काहीही न करता: ९७० किलो, ८५ अश्वशक्ती, सुमारे १७.१ सेकंद. आमची बांधलेली गाडी: चालकासकट ८८० किलो आणि अश्वशक्ती अंदाजे १०० धरली, तर सुमारे १५.७.

दोन लाख रुपये घालून आम्ही १६.९२ वर पोचलो होतो. आंब्याखालची गाडी नुसता व्हॉल्व्ह बदलून, सीट-स्टेपनीसकट नेली असती, तर कागदावर तरी ती आमच्या दोन-दशांश सेकंदच मागे राहिली असती.

वळणाचा निर्णय

मित्राचा पहिला विचार होता बलेनोच्या इंजिनाचा. मामांचा विचार कॅम आणखी चढा करण्याचा. दोघेही ताकदीच्याच भाषेत बोलत होते. वाद तीन दिवस चालला आणि तो सोडवला आप्पांनी, ज्यांना क्लच आणि कॅम यांतला फरक सांगता आला नसता. त्यांचं लहानपण खेड्यात बैलगाड्यांच्या शर्यती बघण्यात गेलेलं. त्यांनी मोबाइलवर धावेचं चित्रीकरण पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तुमची सुट्टीच खराब पडतीय. सुटताना बैल अडखळला तर पुढं कितीबी पळू दे."

चिठ्ठी तेच सांगत होती. ढोबळ नियम असा की पहिल्या ६० फुटांत एक दशांश सेकंद वाचला, तर शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात, कारण तिथे मिळालेला वेग पुढचे सगळे मीटर सोबत राहतो.

पुढच्या चाकांच्या गाडीचं दुखणं साधं आहे. गाडी जोरात सुटली की भार मागे सरकतो. एस्टीमच्या दोन्ही आसांमधलं अंतर २,३६५ मिलिमीटर आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर धरला आणि गाडी गुरुत्वाच्या निम्म्या त्वरणाने सुटली, तर ८८० किलोंपैकी नव्वदेक किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्यांवर जातो. म्हणजे जेवढी जोरात ओढ, तेवढी पकड कमी. ताकद वाढवून हे दुखणं वाढतंच. त्यात दोन चाकांत ताकद वाटणारं साधं डिफरन्शियल, एक चाक घसरलं की दुसरंही गेलं.

ठरलं ते असं: इंजिनाचं झाकणही उघडायचं नाही. जी काही कामं करायची ती क्लचपासून टायरपर्यंत.

दुसऱ्या खेपेची तयारी

बॅटरी पुढे, मूळ जागी आली. खर्च शून्य.

अलॉय चाकं उतरवली, माळ्यावरची तेरा इंची लोखंडी चाकं काढली, त्यांवर मऊ रबराचे दोन टायर पुढे घातले. चाक हलकं झालं, आणि लहान झाल्याने गिअर आपोआप थोडे आखूड पडले. पुढे हवा २० पीएसआय, मागे ४०. डिफरन्शियल वेल्ड करून दोन्ही चाकं एकत्र फिरवावीत असं एकाने सुचवलं, पण पुढच्या चाकांच्या गाडीत स्टिअरिंगच हट्टी होऊन बसतं, म्हणून नको म्हटलं.

इंजिनाचे नवे माउंट घेऊन त्यांच्या पोकळ्यांत पीयू (पॉलियुरेथेन) भरून घेतलं. पहिल्या खेपेला तोंड उसळत होतं ते यामुळेच: थकलेल्या माउंटवर इंजिन मागेपुढे झुलतं, टायर पकडतो-सुटतो-पकडतो, आणि प्रत्येक पकडीचा दणका जॉइंटवर बसतो. जॉइंट "कमकुवत" नव्हता, त्याला आम्ही घणाचे घाव घातले होते. नवे जॉइंट, नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट.

मागच्या स्प्रिंगांत रस्त्याकडेच्या दुकानात मिळतात ते रबरी बफर अडकवले, गाडी मागे बसू नये म्हणून. यावर मामांशी माझा मतभेद आहे. स्प्रिंग कडक केल्याने मागे जाणारा भार फारसा कमी होत नाही, तो उंची आणि आसांमधल्या अंतरावर ठरतो. पण गाडीचं नाक कमी उचललं जातं, चाकांचा कोन कमी बिघडतो, एवढा फायदा असावा. दोनशे रुपयांचं काम होतं, म्हणून वाद वाढवला नाही.

खरं काम कारखान्याच्या आवारात झालं. गाळपाच्या हंगामात जिथे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, ते पटांगण पावसाळ्यात रिकामं असतं. रीतसर परवानगी काढली. सार्वजनिक रस्त्यावर असला सराव करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रस्त्यावर दुसऱ्याचं पोर असतं. पटांगणात सरळ जागा दोनशे मीटरही नव्हती, पण आम्हाला हवे होते अठरा मीटर आणि थांबायला जागा.

दोन काठ्या रोवल्या, मोबाइलवर संथ चित्रीकरण लावलं, चौकटी मोजून वेळ काढला. तीन रविवारांत ३७ वेळा गाडी सोडली. साडेपाच हजार फेऱ्यांवर क्लच झटकला की २.९च्या आसपास. चार हजारांवर २.७. तीन हजार दोनशेवर धरून, क्लच अर्धा सेकंद घासत सोडला आणि मग पूर्ण दाबलं, तर २.५ आणि कधी त्याखाली. कमी आवाज, कमी धूर, कमी वेळ. मित्राला हे पटायला दोन रविवार लागले. कानाला संथ वाटणारी सुटका घड्याळाला जलद वाटते, हे डोळ्यांनी पाहूनही त्याचा विश्वास बसेना.

निकाल

दुसऱ्या खेपेला, त्याच धावपट्टीवर, त्याच इंजिनावर: १६.३८, १६.०५, १६.११. चांगल्या धावेतली ६० फुटांची वेळ २.४१. म्हणजे सुरुवातीला अर्धा सेकंद वाचला आणि शेवटी ०.८७. गटात सातवा क्रमांक. पात्रता मिळाली, पहिली फेरी जिंकली, दुसऱ्या फेरीत लाल दिवा लागला. मित्र हिरव्याच्या आधी सुटला होता.

तो लाल दिवाही आमच्याच अज्ञानाचा. धावेचं घड्याळ गाडी रेषेवरचा किरण सोडते तेव्हा सुरू होतं, हिरवा दिवा लागतो तेव्हा नाही. म्हणून एकट्याने वेळ नोंदवताना घाई करण्यात काहीच मिळत नाही, हिरवा लागल्यावर सावकाश सुटलात तरी चिठ्ठीवरची वेळ तीच. जोडीच्या फेरीत मात्र प्रतिसादाची वेळ धरली जाते. आम्ही पटांगणात गाडी सोडायचा सराव केला, दिवा बघून सोडायचा केलाच नाही.

एकूण खर्च २,८७,०००. त्यात इंजिन १,४२,०००. अलॉय चाकं आणि त्यांचे टायर ४६,०००. पत्राकाम १२,०००. दुसऱ्या खेपेआधीची सगळी कामं ३८,०००. टेम्पो, प्रवेश शुल्क, परवाना, पेट्रोल ४९,०००. अंदाजपत्रकाच्या जवळपास दुप्पट.

काय वेगळं करता आलं असतं

चालू गाडीची वेळ आधी मोजायला हवी होती, हे वर आलंच. त्याला जोडून एक गोष्ट: हेडचं काम करून, बाकी इंजिन तसंच ठेवून, वजन काढून आणि ती ३८,०००ची कामं करून पहिली खेप केली असती, तर ऐंशी-नव्वद हजारांत आम्ही कदाचित सतराच्या आत असतो. मग इंजिनाचा खर्च करायचा की नाही, हे चिठ्ठी हातात घेऊन ठरवता आलं असतं.

मामांवर दोष टाकणं सोपं आहे, पण ते योग्य नाही. त्यांचा हात इंजिनावर बसलेला आहे. ज्याच्या हाती जे अवजार, त्याला तेच काम दिसणार. अडचण नेमकी काय ते सांगण्याची जबाबदारी मित्राची आणि माझी होती. कॉम्प्रेशन गेजचा आकडा माझ्याच अक्षरात लिहिलेला होता आणि तरी बोअरला मीच मान डोलावली.

नोंदणीबाबत मी अजून द्विधा आहे. फक्त शर्यतीची गाडी ठेवल्याने मोकळीक मिळाली, पण चाचणीसाठी दरवेळी टेम्पो आणि परवानगी. एप्रिल २०२२ मध्ये कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं होतं. दोन खेपांच्या टेम्पोभाड्यापुढे ते किरकोळच होतं. पण मग मॅनिफोल्ड, कॅम, उघडी केबिन यांतलं काहीच करता आलं नसतं. बहुधा आप्पांना तेच जास्त आवडलं असतं.

सुरक्षेच्या बाजूला एक त्रुटी आजही आहे. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा, नाही. १६ सेकंदांच्या गाडीला तो त्या स्पर्धेत सक्तीचा नव्हता, म्हणून पैसे वाचवले. अलॉय चाकांच्या ४६,०००मध्ये तो सहज बसला असता.

सध्या

गाडी मामांच्या गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली आहे. मित्राने जुन्या एलईडी आणि टायमर वापरून दिव्यांचा छोटा खांब बनवलाय, रात्री जेवण झाल्यावर अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाय दाबायचा सराव करतो. आप्पा शेजारी बसून चुका मोजतात.

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. भंगारात एक बलेनो आलीय, इंजिन चालू आहे, २८,००० सांगतोय, पंचवीसला देईल. "गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला गाडी वर घेणारच आहे," ते म्हणाले, "तर आता उघडलंच आहे तर..."

मित्राने अजून हो म्हटलेलं नाही. वही मागून घेऊन गेलाय.